देवळालीच्या लिलावातलं कपाट

मामंजी,

तुमच्या हयातीत मी तुमच्याशी समोरासमोर फार थोडं बोलले. सासूबाई मध्ये असायच्या. "तिला सांग, चहात साखर जास्त झाली," असं तुम्ही म्हणायचात आणि मी तिथेच, दाराशी उभी असायचे. सासूबाई माझ्याकडे वळून "ऐकलंस ना गं?" एवढंच म्हणायच्या. घराची रीत तशी होती, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. आता माझ्या सुना सासऱ्यांशी पेपरातल्या बातम्यांवरून वाद घालतात. हे चिडतात, चष्मा काढून ठेवतात, पुन्हा लावतात आणि पुन्हा वाद घालतात. मी भाजी निवडत ते ऐकते, तेव्हा मनात येतं की तुमच्याशी असं एकदा तरी बोलायला हवं होतं. सांगायचं आहे ते थोडंच आहे, पण ते एकदम सांगता येत नाही. त्या पावसाळ्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

माहेरून बाळंतपण आटोपून मी मुलीला घेऊन परत आले तेव्हा श्रावण लागला होता. हे मनमाडला नोकरीला, शनिवारी रात्री येत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जात. नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या त्या माडीवरच्या बिऱ्हाडात तुम्ही, सासूबाई, मी आणि ती एवढीशी पोर. नाशिकचा पाऊस कोसळत नाही, तो नुसता गळत राहतो. आठवडाभर ऊन नव्हतं. स्वयंपाकघरात, मधल्या खोलीत, गॅलरीत, दोऱ्याच दोऱ्या, आणि त्यांवर बाळोती, दुपटी, झबली. काहीच वाळत नव्हतं, सगळ्याला आंबूस वास. सासूबाई शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळोती पसरायच्या. एके दिवशी एक बाळोतं करपलं, टोपलीनेही पेट घेतला. त्यांनी तांब्याभर पाणी ओतून ते विझवलं. तुम्ही दारातून पाहत होतात. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन देवळालीला गेलात आणि संध्याकाळी छकड्यात ते कपाट घालून आलात.

विलायतेला परत चाललेल्या कुणा साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता म्हणे. कपाट लोखंडी पत्र्याचं, माणसाच्या उंचीचं, हिरव्या रंगाचं. आत कपडे टांगायला गजांच्या ओळी, खाली कोळशाचा खण, मागे धुराड्यासाठी भोक. "नातीला आणलंय," तुम्ही सासूबाईंना म्हणालात, आणि वर चढवून दमलेल्या हमालांना स्वतः पाणी दिलंत. मला अजून आठवतं, तुम्ही त्या कपाटाचं दार दोन-तीनदा नुसतंच उघडून मिटलंत. जन्मभर पाटबंधाऱ्यांवर ओव्हरसियर म्हणून राहिलेला माणूस. पेन्शनीत तुम्हाला करायला काही उरलं नव्हतं, आणि आता काहीतरी मिळालं होतं.

धुराडं साहेबाच्या भिंतीतच राहून गेलं होतं. पत्र्याचे डबे करणाऱ्या चाचांना तुम्ही बोलावलंत. त्यांनी माप घेतलं आणि नळी करून आणली. मधल्या खोलीच्या खिडकीचं एक तावदान काढून तिथून ती बाहेर नेली आणि बाहेर वर वळवली. तरीही कपाट चालेना. कपडे तासन्‌तास आत राहिले तरी दमटच. मग तुमचा शोध सुरू झाला. आधी कोळसा ओला असेल म्हणून नवा लोणारी, लाकडाचा कोळसा आणलात, उन्हाअभावी चुलीपाशी ठेवून तो सुकवलात. मग खणाखालची भोकं राखेने बुजली होती ती सळईने मोकळी केलीत. दाराच्या फटीतून धग निसटते म्हणून कडेने काथ्याची दोरी बसवलीत. सगळं करून झाल्यावर एका दुपारी खिडकीतून हात बाहेर काढून तुम्ही नळीच्या तोंडावर धरलात आणि लगेच मागे घेतलात. "सगळी ऊब इथून बाहेर चाललीय," तुम्ही म्हणालात. "कालव्याला दार नसलं तर पाणी थांबेल का?" मग नळीत तुम्ही एक झडप बसवलीत. नळीबाहेर, खोलीच्या बाजूला, एक दांडी. ती आडवी केली की नळी जवळजवळ बंद, उभी केली की उघडी. दांडी अर्ध्यावर ठेवून, निसटू नये म्हणून खिळीने अडकवलीत.

आणि कपाट चालू लागलं. बाळोती पापडासारखी कडक होऊन बाहेर यायची. सासूबाई ती गालाला लावून बघायच्या. शेजारच्या बायका बघून गेल्या. त्या आठवड्यात तुमच्याइतकं खुशीत मी कुणाला पाहिलं नाही, आणि म्हणूनच पुढचं काही तुम्हाला सांगायचं धाडस मला झालं नाही.

पहिली डोकेदुखी सासूबाईंना. मग मला. सुंठ उगाळून लावायची, पडून राहायचं. पित्त झालं, ओल्या हवेने झालं, असं आम्ही म्हणत होतो. मधल्या खोलीत तुमच्या वडिलांच्या तसबिरीमागे चिमण्यांचं घरटं होतं. एके सकाळी केर काढताना तसबिरीखाली दोन पिल्लं मेलेली मिळाली. अंगावर जखम नाही, काही नाही. सासूबाईंनी ती सुपलीत घेतली आणि गारठली असतील म्हणाल्या. पण खोलीत गारठा नव्हता. सगळ्या घरात तीच एक खोली ऊबदार होती, म्हणून तर बाळाचं अंथरूण आम्ही तिथे नेलं होतं.

कामाला येणारी बाई सायखेड्याकडची. ती एक दिवस पोतेऱ्याची बादली उंबऱ्यावरच ठेवून उभी राहिली. "म्या या खोलीत नाय यायची," म्हणाली. "हितं आलं का डोकं गरगरतं. त्या कपाटात कायतरी हाय. लय वंगाळ."

सासूबाईंनी ते तुमच्या कानावर घातलं. तुम्ही हसलात. "भूत विलायतेहून आलंय का, विचार तिला. मराठी कळत नसेल त्याला."

सासूबाईही हसल्या, पण संध्याकाळी त्यांनी बाळावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मला भूत वगैरे वाटत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, धुणं न्यायच्या दिवशी वाटेतच माझं डोकं उतरतं आणि घरी येऊन त्या खोलीत बसलं की पुन्हा चढतं. म्हणून मी एक दिवस खिडकी उघडून ठेवली. तुम्ही आत आलात, गार वारा लागला तसे थांबलात. "तिला सांग," तुम्ही म्हणालात. सासूबाई तेव्हा खोलीत नव्हत्या, मी एकटीच होते, तरी तुम्ही म्हणालात, "तिला सांग, खिडकी उघडी ठेवायची असेल तर कपाट पेटवायचं कशाला? पोरीला सर्दी करायचीय का?" मी खिडकी लावून घेतली. खोली पुन्हा तापली. कपाट तापलं की त्याचा पत्रा आवाज करायचा, टक, मग बऱ्याच वेळाने पुन्हा टक. रात्री दुसऱ्या खोलीतही तो ऐकू यायचा.

मग वारा फिरला आणि नळीच्या तोंडातून पावसाचं पाणी आत यायला लागलं. निखारे चरचरायचे. तोंडावर पत्र्याची टोपी हवी होती. चाचा म्हणाले, "साहेब, पत्रा संपलाय. मुंबईहून आला की पहिली तुमची टोपी." तुम्ही रोज त्यांच्या दुकानी जात होतात. त्या रात्री जेवताना तुम्ही पुन्हा टोपीवरून कुरकुरलात, रात्रभर पाणी जाऊन सकाळी खणात चिखल होतो म्हणालात. सासूबाई ताक वाढत होत्या. "असू द्या, रात्रीपुरतं मी बघते काय ते," त्या म्हणाल्या. मी तेव्हा भात कालवत होते. ते शब्द ऐकले आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट पेटवलं गेलं. लोणारी कोळशाला धूर नसतो, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. दुपारी जेवणं झाली. पाऊस जोरात होता, सगळी तावदानं बंद. तुम्ही बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पेपर वाचत होतात. मधलं दार लोटलेलं. सासूबाई बाळाशेजारी आडव्या झाल्या आणि मी धुणं घेऊन खाली नळावर गेले. खालच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी बोलण्यात अडकवलं. वर पोरगी उठून रडायची वेळ झाली होती, पण रडणं ऐकू येत नव्हतं. बरी झोपली आहे, असं वाटून मी आणखी थोडा वेळ थांबले. आणि मग एकाएकी ते बरं वाटेनासं झालं. मी पिळे तसेच बादलीत टाकून जिना चढले.

दार ढकललं तर आतून गरम हवा अंगावर आली. बाळ पाठीवर, सासूबाई कुशीवर, एक हात तिच्या अंगावर. दोघींच्या गालांवर लाली. सासूबाईंना इतक्या टवटवीत मी कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, किती शांत झोपल्यात, उठवू नये. मला तसं वाटलं, हे आजही विसरता येत नाही. मग कपाटातून ते टक झालं. मी पोरीला उचललं. तिची मान मागे पडली. दुसऱ्या हाताने सासूबाईंना हलवलं, त्याही उठेनात.

मी तिला घेऊन गॅलरीत धावले, पावसातच. तोंडावर पाणी, वारा. तिला हलवलं, पालथी घातली, पाठ चोळली. आणि मी ओरडले, "मामंजी, सासूबाई उठत नाहीत." तुम्ही खुर्चीतून उठलात तेव्हा तुमचाही झोक जात होता. तुम्ही मधल्या खोलीत गेलात आणि सरळ कपाटाकडे, झडपेच्या दांडीकडे हात केलात.

"ते राहू द्या," मी म्हणाले. "आधी त्यांना उचला."

सासऱ्याला असं सांगणारी मी कोण. पण तुम्ही ऐकलंत. त्यांना काखेत धरून ओढत गॅलरीत आणलंत, स्वतः भिंतीला टेकून खाली बसलात आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलंत. पावसाने तुमचं धोतर भिजत होतं. तेवढ्यात माझ्या खांद्यावर पोरगी खोकली, आणि मग रडली. त्या रडण्याने मी रडले. सासूबाई मात्र उठल्या नाहीत.

डॉक्टर आले. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं, कपाट पाहिलं आणि आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. कोळशाचा विषारी वायू कोंडला होता, म्हणाले. मग सासूबाईंच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि रात्रभर उघड्या हवेत ठेवा, नाडी बघत राहा, एवढंच सांगितलं. तुम्ही ह्यांना तार केलीत. पहाटे सासूबाईंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तुम्ही चमच्याने पाजलंत. मानेवर सांडलेलं पाणी उपरण्याने टिपलंत.

त्याच सकाळी, त्या झोपल्यावर, तुम्ही कपाटाशी गेलात. मी स्वयंपाकघरात बाळाचं दूध तापवत होते, तिथून मधली खोली दिसायची. तुम्ही आधी झडपेची दांडी पाहिलीत. ती होती तशीच होती, अर्धी उघडी, खीळ जागेवर. तुम्ही तिला बोट लावून पाहिलंत, हलली नाही. मग कपाटामागून नळी सोडवलीत आणि तिच्यातून डोळा लावून बाहेर पाहिलंत. बराच वेळ पाहत राहिलात. उजेड दिसायला हवा होता, तो दिसत नसणार. मग खिडकी उघडून, वाकून, बाहेरच्या तोंडात हात घातलात आणि ओढून काढलंत ते एक चिंध्यांचं बोचकं होतं. काजळीने काळं झालेलं, तरी काठ ओळखू येत होता. सासूबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा. रात्री पाऊस आत जाऊ नये म्हणून त्यांनी तो बोळा बसवला होता, आणि सकाळी काढायचा राहिला होता. एवढंच झालं होतं.

तुम्ही ते हातात घेऊन उभे राहिलात. मग स्वयंपाकघरात आलात. एरवी तुम्ही तिथे कधी येत नसत. चुलीत ते सारलंत आणि काठीने आत ढकललंत. कापड जळायला वेळ लागला. ते पुरतं जळेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "सूनबाई, तू काही पाहिलं नाहीस."

मध्ये कुणी नसताना तुम्ही मला असं उद्देशून काही बोललात, ते पहिल्यांदाच. मी मान हलवली.

हे आले ते थेट आईपाशी बसले. मग बाहेर येऊन विचारलं, काय झालं. "झडप पडली," तुम्ही म्हणालात. "खीळ निसटली. मी बसवलेली होती." ह्यांनी आवाज चढवला नाही. "तुमच्या हौसेपायी माझी आई आणि माझी मुलगी दोघी गेल्या असत्या," एवढं म्हणाले. तुम्ही म्हणालात, "हो." मी दाराआड उभी होते. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं.

सासूबाई चार-आठ दिवसांत हिंडूफिरू लागल्या. तुम्हाला टोमणे मारायला लागल्या. "नसते उद्योग करता," म्हणायच्या, आणि तुम्ही खाली मान घालून ऐकून घ्यायचात. तुमच्याकडे बघून मला वाटायचं, की तुम्हाला ते बोलणं हवंच आहे. एकदा कुळथाचं पिठलं ढवळता ढवळता त्या मध्येच थांबल्या. कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "अहो, त्या रात्री नळीत पाणी जातं म्हणून मी..." आणि तुम्ही पुढचं बोलू दिलं नाहीत. "पिठलं लागतंय बघ खाली," म्हणालात. त्या वळून पिठल्याकडे बघायला लागल्या. पुन्हा तो विषय त्यांच्या तोंडी आला नाही. त्या संध्याकाळी चाचा टोपी घेऊन आले होते. छान केली होती, गोल, कडेला मुरड घातलेली. तुम्ही ती घेतलीत आणि काही न सांगता त्यांना वाटेला लावलंत.

सगळं निभावलं असं आम्हाला वाटलं. मग पितृपक्षाच्या सुमारास सासूबाई दळणाला निघाल्या आणि रिकामा डबा घेऊन गेल्या. आम्ही हसलो. मग त्यांनी वरणात साखर घातली. मग देवांना नैवेद्य दाखवून तोच पुन्हा दाखवला. एका सकाळी त्यांनी बाळाकडे बोट करून मला विचारलं, "ही कुणाची गं?" मी म्हणाले, "आपलीच, सासूबाई." त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि पुन्हा तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्या वायूचं असंच असतं. माणूस बरा झाल्यासारखा दिसतो आणि मग आतून विझत जातो, औषध नाही.

हे मला आणि मुलीला मनमाडला घेऊन गेले. तुमच्याशी त्यांनी बोलणं टाकलं. पैसे पाठवत, आईसाठी येत, तुमच्याशी मात्र कामापुरतंच. मी अधूनमधून राहायला यायचे तेव्हा बघायचे. कपाट तुम्ही विकलं नाहीत. लोहारी हातोडा आणून पत्रा पत्रा सुटा केलात, गज वाकवले आणि मगच भंगारात दिलंत. कुणी पुन्हा जोडू नये म्हणून. सासूबाईंना कशाचीच शुद्ध नसायची, त्यांची लुगडी दिवसातून तीन-तीनदा बदलावी लागत. ती तुम्ही धूत होतात. पुरुषमाणूस गंगेवर बायकोची लुगडी धुतो म्हणून बायका तोंडाला पदर लावायच्या. तुम्ही पिळून, झटकून, घडीवर घडी घालून आणायचात आणि गॅलरीत वाळत घालायचात, काठाला काठ जुळवून.

एकदा मी धीर करून विचारलं होतं. "आता ह्यांना सांगायला काय हरकत आहे? सासूबाईंना तर काही कळत नाही." तुम्ही त्यांचे केस विंचरत होतात. "ती इथेच बसलीय ना," तुम्ही म्हणालात. "तिच्या समोर तिची चूक काढायची?" त्या गेल्या तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत, आणि पुढे तुम्ही गेलात तेव्हा हे पायाशी उभे होते, कोरड्या डोळ्यांनी.

मामंजी, झडप तुमचीच होती. ती डोकेदुखी, ती चिमण्यांची पिल्लं, ते सगळं झडपेचं होतं, आणि ते तुम्हालाही ठाऊक असणार. पण त्या दुपारचं तुमचं नव्हतं. हे दोन्ही मी इतकी वर्षं वेगवेगळं धरून ठेवलं.

परवा ह्यांना बरं नव्हतं. ताप उतरल्यावर पडल्या पडल्या आईची आठवण काढली आणि नेहमीसारखं तुमच्याबद्दल कडू बोलले. मी औषधाची बाटली खाली ठेवली आणि सांगून टाकलं. लुगड्याचा काठ, चूल, सगळं. ते उशीला टेकून उठून बसले. मग विचारलं, "आईला कळलं होतं?" मी म्हणाले, "नाही. तेवढ्यासाठीच तर मामंजींनी स्वतःवर घेतलं." मी दिवा लावला, स्वयंपाकाला लागले. दरवर्षी तुमच्या श्राद्धाची मी आठवण करून द्यायची, ह्यांनी ब्राह्मणाला शिधा देऊन मोकळं व्हायचं, असं चाललेलं. ताट वाढल्यावर ते पाटावर बसले आणि म्हणाले, "बाबांची तिथी वद्य पंचमी. या वर्षी घरी करू. खीर कर."

तिथी त्यांना पाठ होती, हे मला माहीत नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मलाही कळतं. तुम्ही सांगितलं होतं ते मी मोडलं, एवढं तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नाही.